सामान्य सदस्य

समितीत आम्ही सात जण.
सहा जणांच्या नावाआधी डॉक्टर,
माझ्या नावाखाली छापलंय : सामान्य सदस्य.
म्हणजे काय, विचारलं होतं पहिल्या वर्षी.
कुणीतरी म्हणालं, व्हर्ना, तुम्ही म्हणजे बाहेरचं जग.
बरं, म्हटलं, जगाला गाडीभाडं मिळतं का?
मिळतं. बसचं.

सेंट जॉन्सच्या या तिसऱ्या मजल्यावरून
धुकं नसलं की बंदर दिसतं.
आज काही दिसत नाही.
अर्ज क्रमांक एकेचाळीस.
टॅम्सिन पार्डी, एम.ए., दुसरं वर्ष.
विषय : मासळीचा कारखाना बंद पडल्यानंतरच्या बायका.

बायका. म्हणजे आम्हीच की.
बावीस वर्षं मी कॉडच्या पाठीतून काटे उपसले,
अजून थंडीत मूठ पुरती मिटत नाही.

प्रश्न सतरा : सहभागी व्यक्तीला रडू कोसळल्यास आपण काय कराल?
पोरीनं लिहिलंय :
रेकॉर्डर बंद करीन. चहाचं आधण ठेवीन.

डॉक्टर किएली चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
आधण ही काही कार्यपद्धती नव्हे.
समुपदेशकाचा नंबर द्यायला हवा.
मी म्हटलं, नंबर असू द्या, आधणही राहू द्या.
फोन लागेपर्यंत माणसानं करायचं काय?
इतिवृत्तात नोंद झाली :
सदस्यांनी चर्चा केली.

मग पान नऊ. गोपनीयता.
सर्व नावे बदलण्यात येतील.

कारखाना मिटला त्या हिवाळ्यात
आमच्याकडेही एक जण आला होता,
मऊ बोलणारा, ओले बूट दारातच काढणारा.
फॉर्म नाही, सही नाही.
माझा मनुकांचा केक मागून मागून खाल्ला त्यानं,
आणि मी बोलत गेले.
लिअँडरच्या बाटलीबद्दल बोलले,
जे आईपाशीही कधी काढलं नव्हतं.

वर्षभरानं पुस्तक आलं, निळ्या पुठ्ठ्याचं.
त्यात मी श्रीमती क.
श्रीमती क यांचे पती, ज्यांची
हिरव्या पट्ट्याची पिवळी होडी.

आमच्या खाडीत घरं अकरा.
पिवळी होडी एक.

लिअँडरला वाचता येत नसे.
दुकानात कुणीतरी वाचून दाखवलं, मोठ्यानं.
बर्फ वितळल्यावर त्यानं होडी राखाडी रंगवली,
दोन हात दिले, पट्ट्यावरूनही.
माझ्याशी अबोला धरला असं नाही.
बोलायचा. मीठ दे. दार लाव.

यातलं काहीच मी समितीला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं :
नावं बदलून भागत नाही हो,
होड्यांचे रंगही बदलायला सांगा तिला.

कुणी हसलं नाही.
किएलींनी लिहून घेतलं, अक्षर सुधारून पुन्हा लिहिलं.
अट क्रमांक तीन. अर्ज मंजूर.

बाहेर बाकावर पोरगी बसलेली, केस ओले,
मांडीवर फायलीचा ढीग.
तुम्ही त्याच किनाऱ्याच्या ना?
तुमच्याशी बोलता येईल का मला?
नाही गं. मी मंजुरी देणारी.
नियम सहा, हितसंबंध.
हो, बरोबर, म्हणाली,
आणि काढलेला फॉर्म दुमडू न देता परत आत ठेवला.

बसला वीस मिनिटं होती.
थांब्यावर ती माझ्याच शेजारी.
थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिनं पुढे केला,
माझी बोटं झाकणाभोवती कशी अर्धीच वळली
ते तिला दिसलं असणार.
विचारलं मात्र नाही.

धुक्यात आधी बसचे दिवे आले.
मी उठता उठता म्हटलं,
पिवळी होती.

ती काही बोलली नाही.
तिचा हात पिशवीकडे गेला का, मी नीट पाहिलं.
हात थर्मासवरच होता.