साठ सेंटीमीटर

पहाटे साडेचारला उठून सायवनं त्याच्या आयाळीच्या
एकवीस वेण्या घातल्या.
शाळेला जाताना स्वतःची एक धड घालत नाही.
क्यानवान उभा, मागचा एक पाय मुडपून,
तिच्या खिशातल्या गाजराचा माग काढत.

चार वर्षांचा. नाव दलदलीतल्या कापसाचं.
जन्मला तेव्हा काळाभोर होता, ओला, लटपटता.
फेस्टी मलकेरिन म्हणाला, थांबा, हा पांढरा होईल.
त्याच्या शब्दावर विसंबून नाव ठेवलं.
अजून निम्माच झालाय,
पावसाआधीच्या आभाळाएवढा.

ट्रेलरच्या फळीवर त्यानं पुढचे दोन पाय ठेवले
आणि तिसऱ्यासाठी विचार करायला वेळ मागितला.
पाऊण तास.
मी बादली खुळखुळवली, गोड बोलले,
मग गोड नसलेलं बोलले.
अडेलतट्टू हा शब्द ज्यानं घडवला
तो माणूस असाच कुठेतरी पहाटे
दोर धरून उभा असणार.

मग फेस्टी आला, कोट सुतळीनं बांधलेला.
घोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
पुढच्या दारानं आत शिरला, बादली पालथी घालून बसला,
आणि पाव खात खात पेपरातल्या
मयतांच्या बातम्या मोठ्यानं वाचू लागला.
कॅराजवळची म्हातारी ब्रीजेट, वय ब्याण्णव.
रेंव्हीलचा कुणी कोलमन, अल्प आजारानं.
कोलमनच्या अंत्ययात्रेच्या वेळेपाशी
क्यानवान आत होता. चारी पाय.

मैदानावर वारा आडवा.
चिप्सच्या गाडीचा जनरेटर, चिखलात रुतलेल्या मोटारी,
चकचकीत बूट घातलेल्या, कुजबुजणाऱ्या मुली.
सायवचे बूट चुलतबहिणीचे, टाचेत वर्तमानपत्र.
पाठीवर नंबर, एकशे चौदा.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं.

पहिला अडथळा, फुलीसारख्या दोन काठ्या,
त्यानं असा ओलांडला की जणू वाटेतलं डबकं.
दुसऱ्याच्या पायथ्याशी कुंडी होती,
प्लास्टिकच्या लाल फुलांची.
तो थांबला. मान खाली घातली. हुंगलं.
वास नसलेलं फूल
त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.
सायव घसरत त्याच्या मानेपर्यंत आली,
वेण्यांना धरून मागे सरकली.
पुन्हा फिरवला. पुन्हा हुंगलं.
तिसऱ्यांदा तर त्यानं एक पाकळी चावून पाहिली.
घंटा वाजली.

जुन्या कॅराव्हॅनमधून पंचबाईंचा आवाज, फाटक्या भोंग्यातून:
एकशे चौदा, जाता जाता एखादा उडवून जा, बाळ.
काठ्या उचलणारा एक पोरगा धावत आला,
कुणी न सांगता कुंडी ओढत बाजूला घेऊन गेला.
क्यानवान त्याच्याकडे पाहत राहिला,
कान दोन दिशांना.

मग दुडक्या चालीतून तो निघाला
आणि उडाला.
साठ सेंटीमीटरवरून नव्हे,
कुंडीवरून. जिथं ती आता नव्हती तिथून,
वर, आणखी वर,
की खाली कुणाचं तरी घर आहे, धुराड्यासकट.
दोन्ही रिकिबी सुटल्या,
आणि सायवचं हसू
जनरेटरच्या वरून मला ऐकू आलं.

तिच्या बापाचा ट्रॉलरवरून फोन, तुटक तुटक.
किती उडवले?
दोन.
दोनातले?
आठातले, मी म्हटलं, आणि समुद्र मध्ये आला.

संध्याकाळी मी वेण्या सोडल्या.
आयाळ कुरळीच राहिली,
लग्नाहून परतलेल्या बाईच्या केसांसारखी.
फाटकावर टेकून फेस्टीनं कितवा आला ते विचारलं नाही.
येताना चढला का, एवढंच.

आपणहून चढला, मी म्हटलं.
आत गेला,
आणि पालथ्या बादलीकडे बघत
बराच वेळ थांबला होता.