पाण्याची वळख

सेकंदाला अकरा चित्रं.
कोपऱ्यातला हिरवा आकडा अकरावरून नऊवर उतरतो
आणि नॉर्वेच्या का कुठल्याशा समुद्रात
माझी बोट अर्ध्या लाटेवर अडकून राहते.
मी सुकाणू उजवीकडे दाबतो.
बोट वळते, नाही असं नाही,
पण तहसील कचेरीतला अर्ज सरकावा तशी.

वेंगुर्ल्यात, दाभोलीच्या वाटेवर,
इनास मेस्त्रींच्या गॅरेजमागच्या खोलीत
ताईचा जुना लॅपटॉप.
विंडोज त्यात गुदमरून गेलं गेल्या गणपतीत,
मग मी लिनक्स घातलं आणि तो उठून बसला.
बिलं करतो, नकाशे दाखवतो, कुरकुरत नाही.
खेळाच्या जाहिरातीत पेंग्विन होता.
त्या पाखराच्या भरवशावर
मी सातशे नव्व्याण्णव रुपये भरले.

शेडर तयार होत आहेत, एकोणचाळीस टक्के.
चहा करून आलो.
एकेचाळीस.

बाहेर स्टँडवर गिरपांच्या होडीसाठी
ट्रकचं इंजिन उघडं पडलंय.
कोल्हापूरच्या भंगारातलं,
आयुष्यभर घाट चढलेलं.
मेस्त्री त्याचा रेडिएटर काढतात,
खाऱ्या पाण्याचा पंप जोडतात,
गियर बदलतात, पाईप तांब्याचे घालतात.
उद्या मांडवीवर नेऊन
शाफ्टच्या फटीत गेजची पाती सरकवत
अर्धा दिवस नुसते उकिडवे बसतील.
मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला?
"रस्त्यावरचो जीव तो," ते म्हणाले,
"तेका आधी पाण्याची वळख करून देवक होयी.
नुसतो उचलून ठेवलो तर चलाचो नाय."

माझा खेळ कुणीतरी नुसता उचलून ठेवलाय.
मी सावल्या बंद केल्या: तेरा.
धुकं, फेस, पाण्यातलं आभाळ बंद: सतरा.
शेवटी लाटाच बंद केल्या.
समुद्र झाला निळ्या ऑइलपेंटचा पत्रा
आणि त्याच्यावरून बोट
चोवीसने सुळकन निघाली.
मला हसू आलं, आणि थोडा रागही,
कारण लाटांसाठीच तर घेतला होता.

मेस्त्री हात पुसत आत आले.
पडद्याकडे पाहिलंच नाही त्यांनी,
लॅपटॉपच्या कडेला कान लावला.
पंखा भणाणत होता.
"ह्येका श्वास घेवक गावना नाय," म्हणाले.
"बसवल्यान कोणी हो?"

मी शेवटची नामावली लावली.
आठ मिनिटं नावं, वाऱ्यासारखी, न अडखळता, साठने:
संगीत देणारे, कपडे शिवणारे,
कुणाच्या तरी कुत्र्याचेही आभार.
आमच्याकडे आणून बसवणाऱ्याचं नाव
दोनदा शोधलं.

मेस्त्री तोवर निघून गेले होते.
एक बोल्ट त्यांच्या हातून निसटला,
फरशीवर टणकन पडून कपाटाखाली गेला,
आणि ते टॉर्च घेऊन
पोटावर आडवे झाले.
मीही झालो.