नऊशे बारा

क्रॉमवेलला पहाटे तीनला फोन येतो:
पारा शून्यावर टेकलाय.
मेरेआना बूट चढवते,
आणि द्राक्षांच्या ओळींवर तरंगत
वरची ऊब खाली ढकलत राहते,
आजाऱ्याला वारा घालावा तशी.

घरी फ्रिजवर कागद:
इन्स्ट्रुमेंट रेटिंग, कर्ज काढून.
दोन इंजिनांचं मशीन, पण हातात देणार कोण?
रेस्क्यूवाले दोन हजार तास मागतात.
त्याखाली आईचं अक्षर:
आधी दाढ दाखवून ये.

कागदावर तास म्हणजे आकडा.
इथे तास म्हणजे
खाली टॉर्च हलवणारा म्हातारा ग्रेगर,
नकाशात नसलेली एक तार,
आणि दांड्यावरचा हात,
जो जवळजवळ काहीच करत नाही.
एवढं न करायला
नऊशे बारा तास लागले.

उजाडतं. पाती थांबायला वेळ घेतात.
लॉगबुकात ती लिहिते: रात्र, अडीच.
शेरा हा रकाना नेहमी कोराच.
आज तिथे लिहिते, कोंब वाचले,
आणि खोडत नाही,
परीक्षक हसला तर हसू दे.

मग दाढेसाठी दवाखान्याला फोन लावते.
रविवार आहे.
वाजत राहतो.