वरचं दळण

सिडकोत, पवननगरला, खैरनारांच्या गिरणीवरची खोली.
भाडं कमी, कारण दुपारभर फरशी थरथरते
आणि बंद कपाटातल्या काळ्या ओढणीवरही
संध्याकाळपर्यंत बाजरी बसते.

दिवसा मी अंबडच्या एका कारखान्यासाठी साचे काढते,
बाटल्यांच्या झाकणांचे.
रात्री ग्राफिक्स कार्ड रिकामं असतं,
म्हणून ते देऊन टाकलंय.
कुठल्याशा प्रयोगशाळेतून प्रथिनाचा एक तुकडा येतो,
तो कसा दुमडेल याचा हिशोब
कार्ड पहाटेपर्यंत करतं, परत पाठवतं,
दुसरा मागून घेतं.

नाशिकची हवा थंड, असं बाहेरचे म्हणतात.
एप्रिलमध्ये कार्ड तापायला लागलं.
ब्याऐंशी. सत्त्याऐंशी. ब्याण्णव अंश.
पंखे असे किंचाळायचे की
शेजारच्या अहिरेबाई विचारून गेल्या,
एवढ्या रात्री मिक्सर?
मग पडदा काळा,
आणि नऊ तासांचा हिशोब काठावर येऊन बुडालेला.

मी डब्याचं झाकण काढून ठेवलं,
समोर टेबलफॅन लावला.
दोन अंश उतरले, चौथ्या दिवशी चार चढले.
खिडकी उघडी, डबा उघडा, खाली गिरणी:
मी त्याला वारा घालत नव्हते,
पीठ भरवत होते.

रविवारी स्क्रू काढले, सगळे एका बशीत.
धातूच्या बारीक पात्यांमध्ये
गहू, बाजरी, थोडं बेसन,
थरावर थर, दमटपणानं थापलेलं.
रंगाच्या ब्रशनं खरवडलं तर पोपडे निघाले.
चिपवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली,
ती पुसली, मुगाएवढी नवी ठेवली,
समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळले.
एक उरला. अजून बशीत आहे.
शहाऐंशी.

भाड्याला खैरनार वर आले.
चाळीस वर्षांत गिरणीनं त्यांचे कान नेले,
आवाज ते तळहातानं ऐकतात.
मी काही सांगायच्या आत हात डब्यावर ठेवला,
डोळे मिटले.
"मधलं बेअरिंग," म्हणाले, "लंगडतंय."
खरंच की. कडेचे दोघे धावत होते
आणि मधला नुसता हजेरी लावत होता.
स्टिकर सोलून त्यांनीच सोडला
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

"आणि घाई कमी कर.
धान्य एकदम सोडलं की दगड तापतो,
पीठ जळतं, भाकरीला वास येतो.
झडप अर्धी लाव."

मी कार्डाची वीज सत्तर टक्क्यांवर आणली.
एकाहत्तर अंश.
तुकड्याला दीड तास जास्त लागतो.
लागू दे.

"कोणाचं दळतेस?"
पावतीच्या मागे लिहून दाखवलं: माहीत नाही.
"दर काय?"
काही नाही. उलट वीजबिल माझं.
वाटलं, हसतील. किंवा भाडं वाढवतील.
ते जिना अर्धा उतरले, थांबले,
आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,
"डब्यावर नाव नसलं तरी दगड साफ ठेवायचा.
गव्हात बाजरी गेली तर
खाणाऱ्याला कळतंच."

आता खिडकी दिवसभर बंद.
रात्री साडेनऊला खाली पट्टा थांबतो,
फरशी गप्प होते,
मग माझं दळण सुरू.
आकडा पडद्यावर दिसतो, तरी झोपण्याआधी
डब्यावर तळहात ठेवून बघते:
कोमट,
आत्ताच दळून आणलेल्या पिठाच्या डब्याइतका.