अंशतः खरे

चोपड्याला, बसस्टँडमागे, हिलालआबा
जुन्या लेटरहेडच्या कोऱ्या पाठीवर लिहितात.
पुढे राजमुद्रा, ‘विधानसभा सदस्य’;
मागे अहिराणी बोलणारी माणसं.

दोन टर्म एकच प्रश्न लावला त्यांनी:
अनेरवर पूल नाही, बाळंतिणी खाटेवरून
नदी ओलांडतात, हे खरे आहे काय?
उत्तर छापील आलं: ‘हे अंशतः खरे आहे.’

कुठला अंश, ते अजून शोधतायत.
खाट? नदी?
की खाटेवरची सुपडूची ठगूबाई,
जी अलीकडच्या काठाला पोचलीच नाही?

कादंबरीत, तेराव्या प्रकरणात, पूल झालाय.
कठड्याचा चुना अजून ओला.
ठगू चालत येते, कडेवर पोर,
थांबून विचारते, ‘आबा, हाई खरं शे का?’

आबा पेनाला टोपण लावतात.
उत्तर अद्याप पटलावर ठेवलेलं नाही.