मागच्या बाकावरून

अकरा वर्षं मी फळ्यापाशी उभी,
म्हणून कळलंच नाही
शेवटच्या बाकापर्यंत पंखा पोचत नाही
आणि अडीच वाजले की खिडकीतलं ऊन
फळ्याच्या उजव्या अर्ध्यावर येऊन बसतं.
ना-नफा-ना-तोटा बिंदू
मी नेहमी उजवीकडेच काढत आले.

आज खडू यतीन मळीककडे आहे.
कुठल्याशा परदेशी विमान कंपनीची बत्तीस पानं
मी वाटलीच नाहीत. म्हटलं,
तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा.
बराच वेळ कुणालाच काही ठाऊक नव्हतं.
घड्याळाकडे बघायचं नाही, हे मला फार जड गेलं.

मग तो उठला. फळ्यावर ट्रक काढला,
चाकं जरा लांबट.
कुडण्याला, घरामागे उभा आहे, म्हणाला,
खाण बंद पडली तेव्हा एकवीस हप्ते बाकी होते.
किंमत, व्याज, घसारा,
सगळे आकडे तोंडपाठ.
मागच्या परीक्षेत याच प्रश्नाला
मी त्याला दहापैकी तीन दिले होते.

नाझनीन बेपारी म्हणाली, विकला का नाही?
घेणार कोण? गावात चाळीस उभे.
जॉस्लिनने विचारलं, पडून असलेल्या मालमत्तेचा काही उपयोग?
आई हौद्यात सोलां वाळवते.
पत्रा छान तापतो, दोन उन्हांत काम होतं.
वर्ग हसला. तोही हसला.
कुणीतरी सोलांचा भाव विचारून भागाकार मांडला,
दोन तट पडले, आवाज चढले,
शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावले
आणि मला फळ्यापाशी शोधत राहिले.

एक राहिलं, यतीन म्हणाला.
बाबा रोज तिन्हीसांजेला केबिनमध्ये चढतात,
पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात,
बॅटरी उतरू नये म्हणून.
गाडी कुठे जायची नसते.
खाली आले की आईला सांगतात,
"सुरू जाता गो अजून."
ते डिझेल
कुठल्या खात्यात घालू?

सवयीने सगळ्या माना मागे वळल्या.
माझ्या जिभेवर शब्द होता: देखभाल.
चूक नव्हता. पुस्तकात आहे.

मी वहीत काही लिहीत असल्यासारखं केलं,
खाली मान घालून,
बराच वेळ,
तोवर ते एकमेकांकडे बघू लागले.

इथे खरंच फार उकडतं.