जागचा न हलणारा ठिपका

उद्यमबागेत, जिथं आधी बिडाचं ओतकाम चालायचं
त्या शेडच्या माळ्यावर आम्ही समुद्र बनवतो.
खिडकीतून दिसतो तो पाण्याचा टँकर.
खरा समुद्र चोर्ल्याच्या पलीकडं, घाट उतरून.

कल्लाप्पा हुंदरे येळ्ळूरहून बसनं येतात.
एकतीस वर्षं परक्या जहाजांचं सुकाणू धरलेले हात,
आता पिशवीत भावशाची औषधं.
मी ऐटीत दाखवलं: बावीस धोके, बावीस लाल चौकोन,
प्रत्येकाची शिट्टी वेगळी.
त्यांनी चष्मा पुसला.
"पोरी, असल्या शिट्टीच्या तोंडात
आम्ही चिंधी कोंबून ठेवलेली.
रात्री तीनला सगळीच बोंबलूलालीत म्हटल्यावर
कुणाचं ऐकायचं?"

त्या दिवशी मी सतरा चौकोन पुसले.
उरलेल्या पाचांवर रात्रभर जीव अडकला.

मग एकदा तिसऱ्या गेटकडं जाताना
स्कूटरवर मागून खांद्यावर टकटक:
"डावीकडनं उसाचा ट्रॅक्टर बघ.
तुझ्या आरशाच्या कडेला चिकटलाय.
पुढं जाईना, मागं पडंना,
नुसता मोठा होऊलालाय.
सरकतो तो चुकतो गं.
जागचा हलत नाही, त्याच्याशीच गाठ."
मी ब्रेक दाबला.
पाती घासत, गाणं वाजवत ट्रॅक्टर समोरून गेला,
चालकानं आमच्याकडं पाहिलंही नाही.

शब्दांचं वेगळंच.
गोकाकचा बसवंत पाठीमागून म्हणाला, "सरी."
मला वाटलं, ठीक आहे म्हणतोय.
तो म्हणत होता, बाजूला हो.
अख्खा चहा कीबोर्डवर.
तेव्हापासून नियम: दोन अर्थांचा शब्द
पडद्यावर चढणार नाही,
कन्नडातला नाही, मराठीतला नाही, इंग्रजीतला तर नाहीच.

आता काळ्या पाण्यावर सगळे ठिपके मंद.
एकच उजळतो, ज्याची दिशा बदलत नाही.
त्याच्याखाली आकडा: अकरा मिनिटं.
डोळे चोळायला, खात्री करायला,
चक्र फिरवायला
कुणा अनोळखी माणसाला एवढी पुरावीत.

कल्लाप्पा बराच वेळ बघत राहिले.
शिट्टी नव्हती. हात आपोआप उजवीकडं वळला,
ठिपका हळूहळू काचेच्या कडेनं निघून गेला.
"जमलं का?" मी विचारलं.
पिशवी उचलत ते म्हणाले, "सरी."

बसवंतनं आणि मी
दोघांनीही खुर्च्या मागं घेतल्या.